७०-३०० विकायच्या आधी

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो. निकॉन डी५६०० कॅमेऱ्यासाठी नागपूरच्या सीताबर्डीतून सेकंडहँड ७०-३०० एमएम झूम लेन्स घेतली, एएफ-पी (स्टेपिंग मोटरवर फोकस करणारी), पण व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नसलेली. मार्चअखेरच्या रविवारी अंबाझरी तळ्यावर खंड्या दिसला. सकाळचे साडेअकरा वाजले होते, पक्षी बाभळीच्या सावलीत, तुमच्यापासून अंदाजे ४० मीटरवर. ३०० एमएम, एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचं माप), शटर १/३२० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तर पिसांचा पत्ता नाही, नुसता निळा-तपकिरी लगदा. आणि प्रश्न तीन: लेन्स विकून १५०-६०० एमएम लेन्ससाठी पैसे जमवू का, तोवर टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून चित्र मोठं करणारी जोडकाच) लावू का, की हाच फोटो एडिटिंगमध्ये शार्प होईल?

विकू नका, निदान एवढ्यात तरी. तुमची फाइल मी शंभर टक्के मोठी करून नीट पाहिली. त्यात अंतर, तापलेली हवा आणि हललेला हात हे तिन्ही एकावर एक चढलेत. लेन्सपर्यंत पोचायच्या आधीच अर्ध्याहून जास्त बारकावा गेला होता. मी गेली बावीस वर्षं नागपूरच्या आसपासच्या तळ्यांवर पक्ष्यांचे फोटो काढतोय, त्यातली पहिली बरीच वर्षं स्वस्त लेन्सवरच गेली, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो.

अंतराचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग तो डोक्यातून जात नाही. तुमच्या बॉडीचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, आडवे ६००० पिक्सेल. ३०० एमएमला ४० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचा जवळपास अर्धा मिलिमीटर. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटरचा. म्हणजे ६००० पैकी जेमतेम साडेपाचशे पिक्सेलमध्ये सगळा पक्षी, आणि डोळा दहा-पंधरा पिक्सेलचा. एवढ्यात पिसाच्या कडा कुठून दिसणार? जगातली सर्वांत महाग ३०० एमएम लेन्स लावली तरी पिक्सेल तेवढेच मिळतील. तोच पक्षी १० मीटरवर असता तर दोन हजारांहून जास्त पिक्सेल मिळाले असते, एक तृतीयांश फ्रेम.

आता १५०-६०० चं बघा. ४० मीटरवरून ६०० एमएमने पक्षी जेवढा मोठा येतो, तेवढाच २० मीटरवरून ३०० एमएमने येतो. वर ६०० वाल्याला मधल्या ४० मीटर हवेतून बघावं लागतं, तुम्हाला २० मीटरमधून. शिवाय त्या लेन्सचं वजन दोन किलोच्या घरात, तुमची चारशे ग्रॅमची. काठाकाठाने झाडामागे सरकत जायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

मग जवळ कसं जायचं? खरं म्हणजे जायचं नसतं, बसायचं असतं. उमरेड रोडला एका गावतळ्यावर मला खंड्या असाच ३० मीटरवरून दिसायचा आणि दोन पावलं टाकली की किलबिलाट करत पलीकडच्या काठाला जायचा. दुसऱ्या रविवारी मी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि तो कुठे कुठे बसतो तेवढंच पाहिलं. पळसाची एक वाळलेली फांदी पाण्यावर झुकलेली होती, आणि तिच्या खालचा दगड शिटेने पांढरा झालेला. म्हणजे ही त्याची रोजची जागा. तिसऱ्या रविवारी उजाडायच्या आधी जाऊन त्या फांदीपासून नऊ-दहा मीटरवर एका झाडाला पाठ टेकून बसलो. मळकट खाकी शर्ट, मांडीवर कॅमेरा, फांदीवर फोकस आधीच करून ठेवलेला. पन्नास मिनिटं काही नाही. मग तो आला, एकदा माझ्याकडे मान वळवून पाहिलं, आणि पाण्याकडे तोंड करून बसला. थोड्या वेळाने बुडी मारून मासा आणला, फांदीवर डावीकडे-उजवीकडे आपटला, गिळला, आणि मग मिनिटभर अगदी निवांत बसून राहिला. फोटो त्या मिनिटात काढले. ५५-२५० लेन्स होती, जुनी १८ मेगापिक्सेलची बॉडी. छातीच्या पांढऱ्या पिसांतली एकेक रेघ मोजता येते, चोचीच्या टोकाला माशाचा एक खवला चिकटलाय तोसुद्धा दिसतो.

वेडा राघू याहून सोपा. तो माशी पकडायला उडतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर, त्याच काटकीवर परत येतो. तुम्ही फक्त तिथे थांबायचं. कोतवालाचंही तसंच. टिटवीशी मात्र जपून. ती ओरडली की सगळ्या काठाला खबर जाते, मग अर्धा तास काही हाती लागत नाही. सरळ पक्ष्याच्या दिशेने चालू नका, तिरकं चाला, मध्ये थांबा, खाली बसा. त्याने पिसं साफ करायचं सोडलं आणि मान ताणली की आपण हद्द ओलांडली असं समजा आणि दोन पावलं मागे या. घरट्याजवळ बसायचं नाही, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत असा हैराण केलेला पक्षी अंडी सोडून जातो. तसा फोटो कितीही शार्प असला तरी मला नको.

दुसरी गोष्ट हवा. नागपुरात हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा फार जास्त महत्त्वाचा आहे. मार्चअखेर साडेअकराला अंबाझरीच्या काठचे दगड हाताला चटका देतात. तापलेल्या दगडावरून गरम हवेचे लोट उठतात. गरम हवा विरळ, वरची हवा दाट, आणि दोन्हींतून जाताना प्रकाश सारखा वेगवेगळा वाकतो. दुपारी वर्धा रोडवर डांबरावर पाणी थरथरल्यासारखं दिसतं, तेच तुमच्या आणि खंड्याच्या मध्ये होतं. डोळ्याला जाणवत नाही, पण ३०० एमएम ते मोठं करून दाखवते. यावर लेन्स बदलणं, ट्रायपॉड, शटर, कशाचाच इलाज चालत नाही. उपाय दोनच: अंतर कमी करा, नाहीतर लवकर जा. फेब्रुवारीनंतर मी सकाळी नऊच्या पुढे २० मीटरपलीकडच्या पक्ष्यावर शटर दाबतच नाही.

हवेचा दोष आहे का हे ओळखायला सोपी चाचणी आहे. कॅमेरा भक्कम टेकवून एकाच दगडाचे किंवा खांबाचे ओळीने दहा फोटो काढा. दहाही सारखेच मऊ आले तर फोकस किंवा लेन्स. एक बरा, एक वाकडा, एक पुसट असं आलं तर हवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, मोठं करून पाहिलंत तर चित्र पाण्यात तरंगल्यासारखं हलताना दिसेल.

थंडीतही थोडं सांभाळा. डिसेंबरच्या पहाटे तळ्याचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, वाफ उठते, दृश्य सुंदर असतं पण दूरचं बदक त्यात विरघळतं. गाडीतून फोटो काढत असाल तर बॉनेटवरून कधीच काढू नका. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनची धग तिथेच असते. बाजूच्या खिडकीतून काढा, आणि आत हीटर चालू असेल तर काच खाली करून पाच-दहा मिनिटं थांबा. अंबाझरीला आणखी एक सोय आहे. बांध तळ्याच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी बांधावर उभं राहिलं की सूर्य पाठीशी आणि पक्ष्यांवर समोरून उजेड. संध्याकाळी तिथूनच सगळं उलट होतं, पक्षी काळे दिसतात.

तिसरी गोष्ट हात. ३०० एमएमला तुमच्या क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ४५० एमएमचा दृश्यकोन मिळतो. जुना ठोकताळा असा की शटर निदान त्या आकड्याचं असावं, म्हणजे १/५०० च्या आसपास. पण तो ठोकताळा फिल्मच्या, छोट्या प्रिंटच्या काळातला. २४ मेगापिक्सेल शंभर टक्के बघायचं असेल आणि लेन्सला व्हीआर नसेल तर मी १/१००० च्या खाली जात नाही, उडत्या पक्ष्याला १/१६०० ते १/२०००. तुमचं होतं १/३२०. आयएसओ २०० चा ८०० केला असता तर तेवढ्याच उजेडात १/१२५० मिळालं असतं. आयएसओ वाढवायला आपले लोक फार घाबरतात. त्याने येणारे दाणे (नॉइज) नंतर बऱ्यापैकी काढता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. मॅन्युअल मोडवर शटर १/१००० आणि एफ ८ ठेवा, आयएसओ ऑटो करून वरची मर्यादा ३२०० द्या, आणि पक्ष्याकडे लक्ष द्या.

व्हीआर असलेली लेन्स असती तरी हे सगळं लागलंच असतं. व्हीआर तुमचा हात सावरतं, खंड्याची मान नाही. आणि तो सारखी मान हलवतो.

धरायची पद्धत एकदा घरी आरशासमोर बघा. डावा हात लेन्सच्या खाली, पुढच्या बाजूला, तळवा वर. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली. जमलं तर एक गुडघा टेकून दुसऱ्यावर कोपर. शटर बोटाने मारू नका, दाबत न्या, आणि तीन-चार फोटोंची लड काढा. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, दुसरा-तिसरा बहुधा जास्त चांगला निघतो.

हातापेक्षा बीन बॅग चांगली, आणि ती विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखालून कापा, एक तोंड शिवून टाका, ज्वारी भरा, दुसरं तोंड शिवा. तीन चतुर्थांशच भरायची, म्हणजे लेन्स तिच्यात रुतते. तांदूळही चालतो. थर्माकोलचे दाणे हलके म्हणून भरू नका, त्यावर लेन्स डुलते. बांधाची भिंत, गाडीची खिडकी, जिप्सीचा दांडा, कुठेही ही पिशवी टाकून त्यावर लेन्स ठेवता येते. पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला गेलात तर जिप्सी थांबल्याबरोबर ड्रायव्हरला "भाऊ, गाडी बंद करता का" म्हणा. चालू डिझेल-पेट्रोल इंजिनची थरथर दांड्यातून थेट लेन्समध्ये येते. सोबतच्यांनाही दोन मिनिटं हलू नका म्हणून सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

आता लेन्सचं स्वतःचं. स्वस्त झूम लेन्स सर्वांत लांबच्या टोकाला थोडी ढिली पडते. तुमची ७०-३०० त्यातल्या त्यात चांगली आहे, कॅननची ५५-२५० एसटीएमही. तरीही उजेड असेल तर एफ ६.३ ऐवजी एफ ८ वापरा, कडा लगेच घट्ट होतात. एफ ११ च्या पुढे जाऊ नका. तिथे छिद्र इतकं लहान होतं की प्रकाश पसरून पुन्हा मऊपणा येतो. जुन्या ७०-३००, ७५-३०० वापरणाऱ्यांनी ३०० ऐवजी २५०-२७० वर काढून बघावं, पुष्कळदा तोच फोटो कापून मोठा केलेला जास्त बरा दिसतो. तुमच्या लेन्सवर दोन्ही करून तुलना करा. आणि सेकंडहँड घेतलीये म्हणून अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, पावसाळ्यात पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सना ती धरते.

पुढे यूव्ही फिल्टर लावलाय का? लावला असेल तर आजच काढा. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी दोन महिने रडकुंडीला आली होती. ३०० वर प्रत्येक फोटोत काडीच्या कडेला दुसरी पुसट कडा दिसायची. बॉडी तपासून झाली, लेन्स तपासून झाली. शेवटी तिच्या गच्चीवर बसलो, समोरच्या टाकीवरच्या कबुतरावर एक फोटो काढला, फिल्टर फिरवून काढला, जागेवरून न हलता दुसरा काढला. दुसऱ्यात कबुतराच्या मानेवरचा हिरवा-जांभळा झळाळ पिसापिसाने वेगळा दिसत होता. स्वस्त काच ५० एमएमला चालून जाते, ३०० ला तिचा प्रत्येक बारीक वाकडेपणा दिसतो. लेन्स जपायला हूड लावा, तो भटक्या उजेडापासूनही वाचवतो.

फोकस शेवटी घेतोय, पण तो कमी महत्त्वाचा नाही. ५ मीटरवर ३०० एमएम, एफ ६.३ ला फोकसची खोली साधारण सात सेंटिमीटर असते. खंड्याचा डोळा सोडून छातीवर फोकस गेला तर डोळा त्या खोलीच्या बाहेर पडू शकतो. म्हणून एकच पॉइंट निवडा, मधला. अंधुक उजेडात तोच सर्वांत भरवशाचा. तो डोळ्यावर ठेवा. हलत्या पक्ष्याला एएफ-सी, म्हणजे सतत फोकस करत राहणारा मोड.

तरीही सतत चुकत असेल तर वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा पिशवीवर टेकवा, आठ-दहा मीटरवरून आधी व्ह्यूफाइंडरने आणि मग लाइव्ह व्ह्यूने फोकस करून फोटो काढा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला तर लेन्स ठीक आहे, बॉडी-लेन्सचं जुळत नाहीये. डी७५०० सारख्या बॉडीत हे मेनूतून सुधारता येतं, डी५६०० मध्ये ती सोय नाही. मग दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावं लागतं, तोपर्यंत बसलेल्या पक्ष्याला लाइव्ह व्ह्यूच वापरा. पानाची एक बाजू घट्ट आणि दुसरी पुसट आली तर मात्र आतली काच सरकलेली असू शकते. कॅमेरा उलटा धरून तोच फोटो काढा. पानाची पुसट बाजूही उलटली तर तो दोष लेन्सचाच. या एका बाबतीत विकायचा, खरं तर परत करायचा, विचार करा.

आणि प्रत्येक वेळी मला विचारायची गरज पडू नये म्हणून फोटो वाचायला शिका. पाण्यावरचे चमकते ठिपके एकाच दिशेला ताणून छोट्या रेघा झाल्या असतील तर हात हलला. पक्षी मऊ पण मागची फांदी किंवा पुढचं गवत घट्ट असेल तर फोकस चुकला. अंग घट्ट आणि फक्त डोकं पुसट असेल तर पक्षी हलला. बगळ्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग असेल, पिसं नसतील, तर तो जास्त उजळला गेलाय. त्यात शार्पनेसचा प्रश्नच नाही, उजेड अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी करा. तुमच्या फोटोत पाण्यावर रेघा आहेत, आणि बाभळीच्या खोडाची कड नागमोडी आहे. म्हणून वर हात आणि हवा म्हणालो.

आता १५०-६०० कधी घ्यायची? हिवाळ्यात तळ्याच्या मधोमध उतरणारी बदकं, पट्टकदंब हंस हेच तुमचं वेड असेल तर. ती दोनशे मीटरवर असतात, तिथे पाण्यात उतरून जवळ जाता येत नाही आणि जाऊही नये. घेण्याआधी एकदा भाड्याने आणून दिवसभर गळ्यात अडकवून फिरा. टेलिकन्व्हर्टर मात्र नको. १.४ पटीचा लावला तर एफ ६.३ चं एफ ९ होतं, तुमच्या बॉडीचा ऑटोफोकस तिथे साथ सोडतो, आणि लेन्सचा जो काही मऊपणा आहे तोही मोठा होतो.

राहिला एडिटिंगचा प्रश्न. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढत जा, आधी नॉइज कमी करा, मग फोटो दाखवायच्या मापाला लहान करा, म्हणजे लांब बाजू दोनेक हजार पिक्सेल, आणि शार्पनिंग त्यानंतर, डोळा आणि चोचीपुरतं. नसलेली पिसं त्यातून येणार नाहीत. तुमचा हा फोटो तर मी कापणारच नाही. तुम्ही कापून पाठवलात त्याच्या खाली मूळ फ्रेमही होती, ती पाहिली. बाभळीच्या शेंगा लोंबतायत, खाली हिरवट पाणी, आणि कोपऱ्यात तो एवढासा निळा ठिपका बसलाय. ती पूर्ण फ्रेम थोडी गडद करून ठेवा. आणि पुढच्या रविवारी साडेसहाला बांधावर जाऊन त्याच बाभळीखालचे दगड बघा, कुठला पांढरा झालाय ते.